मामांचा फॉल्स ग्रेन आणि माझा आयोडोनियम क्षार

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मला डायटॉलिलआयोडोनियम क्लोराइडचा एकच धड स्फटिक हवा होता. या क्षारात आयोडीनला दोन टॉलिल गट (मिथाइल लागलेली बेंझिन वलयं) जोडलेला धन आयन आणि क्लोराइडचा ऋण आयन असतो. याच धन आयनाच्या ट्रायफ्लेट क्षाराच्या (क्लोराइडऐवजी ट्रायफ्लेट हा ऋण आयन) मिथेनॉलमधल्या द्रावणात अमोनियम क्लोराइडचं पाणी ओतलं की क्लोराइड खाली बसतो. पण बसतो तो मैद्यासारखा. अणूंची मांडणी एक्स-रेनं काढायला कडा स्वच्छ असलेला, 0.2-0.3 मिलिमीटरचा एक दाणा लागतो.

पहिला प्रयत्न एप्रिलमधला. छोट्या वायलमध्ये (काचेच्या कुपीत) द्रावण, ती वायल मोठ्या बाटलीत, बाटलीच्या तळाशी इथर, वर झाकण. इथरची वाफ हळूहळू द्रावणात उतरते, क्षार विरघळेनासा होतो आणि स्फटिक धरतो. पण सांगलीतली एप्रिलची दुपार! इथर 35 अंशांनाच उकळतं. झाकणं सुटली, आत पुन्हा मैदा. फ्रीजमध्ये ठेवते म्हटलं तर सरांनी साफ नाही सांगितलं. साध्या फ्रीजमधल्या ठिणगीनं इथरची वाफ पेटते. क्षार जास्त तापवायचीही सोय नाही, क्लोराइड टॉलिल गटालाच जाऊन चिकटतो आणि क्षार मोडतो.

माझे मामा साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे पॅनमध्ये सिरप आटवून साखरेचा दाणा धरणारे. रविवारी जेवताना त्यांना सगळं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अगं, सिरप लई घट्ट केलंस तर फॉल्स ग्रेनच पडणार की. हजार बारीक दाणे होतात, एकपण मोठा होत नाही. पातळ धर, अन् हलवू नको."

त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तंतोतंत खरं होतं. मी द्रावण निम्म्यानं पातळ केलं, इथरऐवजी 77 अंशांना उकळणारं इथाइल अ‍ॅसिटेट घेतलं आणि बाटली थर्माकोलच्या खोक्यात, पंपाच्या थरथरीपासून लांब ठेवली. नऊ दिवस झाकणाला हात लावला नाही. दहाव्या दिवशी काचेला चिकटलेली चार पारदर्शक पानं दिसली, अगदी खडीसाखरेच्या चकाकीची.

स्फटिक बाहेरच्या संस्थेत पाठवला. अणूंच्या जागा नोंदलेली सीआयएफ फाइल आली त्या रात्री मर्क्युरी या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली आणि मी बराच वेळ नुसतं चित्र फिरवत बसले. दोन टॉलिल गट आयोडीनवर जवळजवळ काटकोनात. प्रत्येक कार्बन-आयोडीन बंधाच्या थेट मागच्या बाजूला इलेक्ट्रॉन विरळ असतात, त्याला सिग्मा होल म्हणतात. या आयोडीनला असे दोन, आणि दोन्हींसमोर एकेक क्लोराइड. कार्बन-आयोडीन-क्लोराइड जवळजवळ सरळ रेषेत, आयोडीन-क्लोराइड अंतर सुमारे 3.1 आँगस्ट्रॉम (एक आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). दोघांच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची, म्हणजे बंध नसताना अणू जेवढी जागा व्यापतो त्या त्रिज्यांची, बेरीज 3.73 येते. म्हणजे दोघे नुसते शेजारी नाहीत, एकमेकांना ओढून धरतात. क्लोराइडही दोन आयोडीनना धरतो, म्हणून दोन धन आयन आणि दोन क्लोराइड मिळून चौकट तयार होते.

मामांना मोबाइलवर ती चौकट दाखवली. त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "दाणा केवढा झाला?"

"0.3 मिलिमीटर."

"मग चांगला धरलास की. पुढचा कुठला?"

ब्रोमाइडची वायल त्याच खोक्यात ठेवली आहे. आज तिचा चौथा दिवस.