एलआयसीच्या अलीकडे की पलीकडे?

चेन्नईत पत्ता कसा सांगायचा, हे मला एका बसच्या कंडक्टरने शिकवले. अण्णा सालैवरच्या, म्हणजे जुन्या माउंट रोडवरच्या एका कार्यालयात मला जायचे होते आणि इमारतीचे नाव, क्रमांक, गल्ली असे सगळे मी कागदावरून वाचून दाखवत होतो. त्याने कागदाकडे पाहिलेही नाही. एवढेच विचारले की, उतरायचे ते एलआयसीच्या अलीकडे की पलीकडे?

आजच्या नजरेला एलआयसीची ती इमारत उंच वाटत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. उंची 177 फूट, म्हणजे सुमारे 54 मीटर. पुण्यामुंबईच्या उपनगरातली एखादी नवी सोसायटीदेखील तिला सहज मागे टाकील. परंतु 23 ऑगस्ट 1959 रोजी तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, तेव्हा मनोरे आणि गोपुरे सोडली तर देशात तिच्याहून उंच इमारत नव्हती. मुंबईत ‘उषाकिरण’ उभी राहीपर्यंत तो मान मद्रास राज्याच्या या राजधानीकडे होता.

मला मात्र उंचीपेक्षा तिच्या नावाची गंमत अधिक वाटते, कारण ही इमारत एलआयसीसाठी योजलेलीच नव्हती. युनायटेड इंडिया लाइफ इन्शुरन्स या खासगी विमा कंपनीचे मुख्यालय म्हणून एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी ती मनात आणली. इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन करणारे तेच हे गृहस्थ. 1953 मध्ये काम सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. मग 1956 मध्ये सरकारने आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा दोनशेहून अधिक लहानमोठ्या संस्थांबरोबर त्यांची कंपनीही नव्या महामंडळात, म्हणजेच एलआयसीत, विलीन झाली. पुढे ब्राउन आणि मौलिन हे लंडनचे वास्तुविशारदही काम अर्ध्यावर सोडून बाजूला झाले. ज्याने स्वप्न पाहिले तो गेला, ज्या कंपनीसाठी पाहिले ती उरली नाही, आराखडा काढणारेही निघून गेले. तरी सांगाडा उभाच होता आणि तो कुणीतरी पुरा करणे भाग होते.

तो पुरा केला एल. एम. चितळे यांनी. मराठी आडनावाचे हे वास्तुविशारद 1930 च्या दशकापासून मद्रासमध्ये व्यवसाय करीत होते. चुना आणि विटांच्या बांधकामाला सरावलेल्या या शहराला काँक्रीटच्या खांबांवर उंच चढायला शिकवणाऱ्या इमारतींत हिचे नाव आधी घेतात, आणि तरीही इथल्या मराठी मंडळींपैकी फारच थोड्यांना चितळे ठाऊक असतात, याची मला थोडी खंत आहे. 1975 मध्ये इमारतीला मोठी आग लागली; त्यानंतर डागडुजी होऊन ती पुन्हा वापरात आली.

हिंदी चित्रपटात मुंबईत आलेला नायक जसा व्हीटीसमोर उभा राहतो, तसा तमिळ चित्रपटातला गावाकडचा नायक सेंट्रल स्थानकातून बाहेर पडला की पुढच्याच दृश्यात ही इमारत दिसायची. कित्येक वर्षे राजधानीत पोहोचल्याची खूण हीच होती. 2019 मध्ये इथे मेट्रो धावू लागली, तेव्हा भुयारी स्थानकालाही एलआयसी हेच नाव मिळाले. चेट्टियारांची मूळ कंपनी आता कुणाच्या तोंडी नाही.

मागच्या दिवाळीत सांगलीहून आलेल्या मावशीला मी मुद्दाम तिथे नेले. ती निवृत्त शिक्षिका. पगारातून विम्याचा हप्ता कापला जाण्यात तिची तीस वर्षे गेली. दर्शनी बाजूच्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहून तिने विचारले, “ह्यात माझे किती रे गेले असतील?” मी म्हटले, तुझ्या पहिल्या हप्त्याच्या कितीतरी आधी ही बांधून झाली होती, आणि बांधणारे होते चितळे.

“चितळे? बाकरवडीवाले?”

ते नव्हेत, हे मी तिला समजावत असतानाच ती बोट वर करून मजले मोजू लागली. नवव्या मजल्यापर्यंत पोहोचली, तोच आमची बस आली.