आधी पिशवी, मग पाय

मामाच्या गॅरेजमध्ये एक ट्यूबलाइट होती, ती कधी छताला लागलीच नाही. लांब वायर जोडून भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. कोल्हापुरात उद्यमनगरात मामाचं डेंटिंग-पेंटिंगचं काम, शाळेला सुट्टी लागली की मी तिथंच पडीक. पोचा काढून झाला, लांबी (पुट्टी) भरून झाली, वॉटर पेपरनं घासून झालं की मामा पत्र्यावर बादलीतलं पाणी मारायचा, कारण घासलेली लांबी कोरडी असली की चमकत नाही, ओली झाली की चमकते, आणि मग ती ट्यूब हातात धरून हळूहळू पत्र्यावरनं फिरवायचा. पत्रा नीट झाला असेल तर ट्यूबची पांढरी रेघ एकसारखी सरकत जाते. कुठं खड्डा राहिला असेल तर ती रेघ तिथं आल्यावर थरथरते. एवढं करून पुन्हा तळहात फिरवायचा, आणि मला म्हणायचा, "हात लावून बघ की, हितं बसलंय अजून." मला काहीच कळायचं नाही सुरवातीला. दोन-तीन सुट्ट्या गेल्यावर कळायला लागलं.

हे सगळं आज लिहायचं कारण, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं दरवर्षी साधारण याच सुमारास मला विचारतात की मेकॅनिकल करून ट्रान्सपोर्टेशन डिझाइनला, म्हणजे गाड्यांच्या डिझाइनला, एमडेस (डिझाइनमधली मास्टर्स) करता येतं का, ड्रॉइंग किती चांगलं लागतं, आणि नंतर नोकरी मिळते का. मी स्वतः मेकॅनिकलवालीच, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहून टाकते.

प्रवेशाचं पटकन सांगते. सीड नावाची परीक्षा असते, आयआयटी बॉम्बे घेते, जानेवारीत. एक भाग कॉम्प्युटरवर आणि दुसरा भाग कागदावर चित्रं काढून. आयआयटी बॉम्बेचं आयडीसी, म्हणजे तिथलं डिझाइनचं स्कूल, १९६९ पासून आहे, तिथं मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन हा वेगळा एमडेस आहे. एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) परीक्षा वेगळी, डॅट म्हणतात, त्यात आधी प्रिलिम्स मग मेन्स, आणि गाड्यांचा कोर्स अहमदाबादच्या जुन्या कॅम्पसमध्ये नाही, गांधीनगरला आहे. पुण्यात खाजगी कॉलेजं आहेत. बाहेर जायचं असेल तर लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, कॉव्हेंट्री, जर्मनीत फोर्त्झहाइम, स्वीडनमध्ये उमेओ, इटलीत तुरीन, ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, पण खर्चाचा विचार घरी बसून नीट करा आणि मगच कर्ज काढा.

ड्रॉइंगचं विचाराल तर सुंदर चित्रं येत नाहीत म्हणून कुणी मागे हटू नये असं मला मनापासून वाटतं. मी तयारी केली ती कोल्हापूरच्या सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर बसून. रोज संध्याकाळी तासभर, बॉलपेननं, खोडरबर नाही. बसमध्ये चढणारी माणसं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा हात, कंडक्टरच्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा. पहिले पंधरा दिवस माणसं निघून जायची आणि कागदावर नुसते पाय राहायचे. पण बघण्याची सवय लागली, आणि परीक्षेत तुम्ही बघता की नाही हेच तर तपासतात.

पहिलं सेमिस्टर म्हणजे लंबगोल. खोटं वाटेल पण खरंच, दिवसाला दोनशे-दोनशे लंबगोल काढायचे. चाक तिरकं दिसतं तेव्हा गोल राहत नाही, लंबगोल होतं, आणि त्या लंबगोलाचा आखूड अक्ष हा ॲक्सलच्या दिशेतच पाहिजे, तो जरा चुकला की गाडी पंक्चर झाल्यासारखी दिसते, बाकी कितीही छान काढा. मग प्रमाण. पुढचं आणि मागचं चाक यांच्या मधल्या जागेत तसलीच साधारण तीन चाकं बसली तर सेडानची बाजू डोळ्याला बरी वाटते, चाकं मोठी केली की गाडी लगेच दमदार दिसते, म्हणून स्केचमध्ये सगळेच चाकं मोठी काढतात. मी पण काढायची. वर्गात बाविशीतली आम्ही सगळी पोरं, सगळ्यांच्या वहीत सुपरकार, छत कमरेएवढं, काचा फटीएवढ्या.

आणि मग पॅकेजिंगचा विषय आला. आमचे सर (आधी बरीच वर्षं इंडस्ट्रीत होते) म्हणाले, आता याच गाडीत माणूस बसवून दाखवा. बसवायचा म्हणजे एच-पॉइंट ठरवायचा, म्हणजे बसलेल्या माणसाचं कंबर आणि मांडी जिथं जोडली जाते तो बिंदू. गाडी तिथून सुरू होते. तो बिंदू जमिनीपासून किती उंच, त्यावरून डोळे किती उंच, त्यावरून पुढची काच कुठं, छत कुठं, पाय पेडलपर्यंत पोचतात का, पुढच्या सीटमागे गुडघ्याला जागा किती. एक उंच पुरुष बसला पाहिजे आणि त्याच सीटवर एक बुटकी बाई पण बसून चालवू शकली पाहिजे. एनआयडीनं १९९७ साली भारतीय माणसांच्या शरीराच्या मापांचं पुस्तक काढलेलं आहे, ते आमच्या स्टुडिओत पानं सुटलेल्या अवस्थेत सतत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असायचं. माझ्या सुपरकारमध्ये कुणीच बसलं नाही. उंच माणसाचं डोकं छतातून वर आणि माझ्या आईच्या मापाच्या बाईला बॉनेटपलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी माणूस काढते आणि मग त्याच्याभोवती गाडी काढते, आजही.

क्लेचं काम मला सगळ्यात आवडलं. साधारण पाव आकाराचं मॉडेल करायचं, आत फोमचा सांगाडा, वर इंडस्ट्रियल क्लेचा थर, ती क्ले ओव्हनमध्ये गरम करून मऊ करायची आणि गार झाली की चांगलीच टणक होते, मग रेक नावाच्या दातेरी पात्यानं खरवडत खरवडत आकार आणायचा. शेवटी त्यावर चंदेरी फिल्म ओली करून चिकटवतात आणि वरच्या लांब दिव्यांच्या रेघा त्यात कशा वाहतात ते बघतात. मी त्या फिल्मकडे बघत उभी राहिले आणि मला डोळ्यांसमोर मामा दिसला, बादली, पाणी, ट्यूब. तेच होतं सगळं. पुढं कॉम्प्युटरवर एलियास नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग काढायला लागल्यावर झेब्रा नावाची सोय आली, स्क्रीनवरच्या गाडीवर काळे-पांढरे पट्टे पडतात, दोन पृष्ठभाग जिथं जुळतात तिथं पट्टा तुटला तर सांधा नीट नाही, पट्टा जुळला पण कोपरा पडला तरी नीट नाही, सरळ वाहत गेला पाहिजे. वर्गातल्या बऱ्याच जणांना ते शिकायला वेळ लागला. मला नाही लागला आणि त्याचं श्रेय पूर्ण उद्यमनगरचं. सुट्टीत मामाला ते मॉडेल दाखवलं, त्यानं काही न बोलता तळहात फिरवला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर थांबला. "हितं बसलंय." बसलेलंच होतं, फिल्ममध्ये मला दिसलं नव्हतं.

आता मुख्य प्रोजेक्टचं सांगते, कारण पुढं नोकरीच्या वेळी तेच उपयोगी पडलं.

तिसऱ्या सेमिस्टरला विषय आपणच निवडायचा होता. मी एसटी निवडली. काही मित्र म्हणाले अगं पोर्टफोलिओत बस कोण बघणार, इलेक्ट्रिक एसयूव्ही कर. पण मला एसटीच करायची होती. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली बस सुटली तेव्हापासून आपल्या गावाकडची माणसं हिच्याच जिवावर दवाखान्यात, बाजारात, माहेरी, शाळेत जातात. शिवाय एसटीच्या बसची बॉडी बरीच वर्षं महामंडळाच्या स्वतःच्याच वर्कशॉपात बांधली गेली, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा, चासी (खालचा सांगाडा, इंजिन, चाकं) फक्त कंपनीची. म्हणजे आपल्याच राज्यात आपल्याच हातांनी बनलेली गाडी. आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याआधीच मोफत झालेला, त्यामुळे म्हाताऱ्या बायका दारात जास्त दिसायला लागल्या. आमची आजी त्यातलीच, गाव पन्हाळा तालुक्यात, नऊवारी, उंची १४८ सेंटीमीटर (मीच मोजली, दाराच्या चौकटीला उभी करून).

टेप घेऊन स्टँडवर गेले. एका बसची पहिली पायरी जमिनीपासून जवळजवळ ४५ सेंटीमीटर निघाली, आतली फरशी एक मीटरच्या वर. मी ठरवूनच टाकलं की प्रॉब्लेम पायरीचा आहे, बाहेर सरकणारी एक जादा पायरी द्यायची. छान स्केचेस केले, यंत्रणा काढली. मग वर्कशॉपच्या मास्तरांनी विचारलं की चिखलात ती आत जाईल का, आणि ड्रायव्हर ती आत घ्यायला विसरला तर स्पीडब्रेकरवर काय होईल. उत्तर नव्हतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा अंगणात प्लायवूड, विटा आणि बांबू लावून खऱ्या मापाचं दार उभं केलं, तीन पायऱ्या, धरायला दांडा. आजीला म्हटलं चढून दाखव. ती चढली. मला वाटलं तशी अडखळलीच नाही फारशी. मग लक्षात आलं की ती रिकाम्या हातानं चढलीय, बसला अशी कधी जात नाही. म्हटलं बाजाराला निघाल्यासारखी ये. ती आत गेली, पिशवी घेऊन आली, त्यात खरंच दोन नारळ आणि तांदूळ घातलेले. मोबाइल लावून ठेवला आणि तिला सहा वेळा चढायला लावलं, बिचारी काही बोलली नाही.

रात्री तो व्हिडिओ हळू करून बघितला. डाव्या हातात दांडा. उजव्या हातात पिशवी, आणि त्याच हाताच्या दोन बोटांत निऱ्या. हे जमेना म्हणून ती काय करत होती, सहाच्या सहा वेळा, आधी वाकून पिशवी पायरीवर ठेवायची, मग निऱ्या धरायच्या, मग पाय, मग परत वाकून तीच पिशवी पुढच्या पायरीवर. पिशवी तिच्या आधी चढत होती. आणि पिशवी पायरीवर बसल्यामुळे पाय ठेवायला जागा उरायची अर्धी, म्हणून ती तिरकी होत होती. मी आधी तिला विचारलं होतं की चढताना काय त्रास होतो, ती म्हणालेली, "काय न्हाई बाई, वय झालं." व्हिडिओ दाखवला तर स्वतःच बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही पिशवीच मधी येतीया की."

मग सगळी जुनी स्केचेस बाजूला ठेवली आणि दाराच्या आतल्या बाजूला एक फळी दिली, जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर, आजीच्या कोपराच्या जरा खाली. खाली उभं राहून पिशवी तिथं ठेवायची, दोन्ही हात मोकळे, एक दांड्याला एक निऱ्यांना, आणि दुसऱ्या पायरीवर पोचलं की पिशवीचे बंद बरोबर हाताशी येतात. वाकायचं नाही. यंत्रणा नाही, मोटर नाही, बिजागरी लावलेली एक फळी, गर्दीत दुमडून ठेवता येईल अशी. अंगणातल्या दाराला लावून आजीला परत चढवलं, सरळ चढली.

नोकरीबद्दल. स्टुडिओत नुसते बाहेरचा आकार काढणारेच नसतात हे आधी डोक्यात घ्या, त्या जागा सगळ्यात कमी. इंटिरियरवाले असतात, रंग-कापड-पोत बघणारे सीएमएफवाले, स्क्रीन आणि बटणांवर काम करणारे, एलियासमध्ये पृष्ठभाग बांधणारे, क्ले मॉडेलर, आणि इंजिनिअरिंग आणि डिझाइन यांच्या मधला स्टुडिओ इंजिनिअर, ज्यासाठी मेकॅनिकलवाल्यांना खरंच संधी आहे. पुणे, मुंबई, चेन्नई, होसूर, बंगळुरू, गुरगाव, इथं बहुतेक काम आहे. इंटर्नशिपमध्ये जे काढाल ते तुम्हाला कुणालाही दाखवता येत नाही, गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन-चार वर्षं जातात आणि तोवर सगळं गुप्त, त्यामुळे सहा महिने राबून हातात दाखवायला काहीच नसतं आणि ऐन प्लेसमेंटला मुलं घाबरतात. म्हणून स्वतःचं एक प्रोजेक्ट बाजूला चालू ठेवाच. आणि एआयनं रेंडर करून पानं भरू नका. वापरा जरूर, सगळेच वापरतात, पण त्या चित्राला एच-पॉइंट नसतो, आणि समोरच्यानं पेन हातात देऊन इथं सेक्शन (छेद) काढून दाखव म्हटलं की दोन मिनिटांत सगळं कळतं.

माझ्या इंटरव्ह्यूमध्ये तिघं होते. पोर्टफोलिओतलं एसयूव्हीचं पान भरभर उलटलं. आजीच्या व्हिडिओतल्या फोटोंच्या पानावर थांबले आणि पाऊण तासातला निम्मा वेळ त्यावरच गेला. फळीमुळे दाराची रुंदी किती कमी होते, दुमडलेली असताना खडखडेल का, बिजागरीत पानाची पिंक आणि धूळ जाऊन अडकली तर काय. बऱ्याच प्रश्नांना माझ्याकडे उत्तर होतं. मग शेवटी त्यातल्या मॅडमनी विचारलं, आईच्या मागे तीन वर्षांचं पोर दारात उभं असेल तर त्या फळीची कड त्याच्या कुठं येईल?

कपाळावर येते. नाहीतर डोळ्यावर. मी तसं सांगितलं, की हे मी मोजलं नाही, आजीच डोक्यात होती. नोकरी लागली, आता दीड वर्ष झालं, व्यावसायिक वाहनांच्या आतल्या भागावर काम करते. पण फळी डोक्यातून गेलेली नाही. कड गोल करून रबर लावणं पुरेसं नाही, उंचीच वेगळी शोधावी लागणार किंवा फळी आत भिंतीत खोल घ्यावी लागणार. पुढच्या महिन्यात गावी चाललेय, तिथल्या अंगणवाडीच्या ताईंशी बोलून ठेवलंय, पोरांची उंची मोजायला येते म्हणून. प्लायवूडचं दार अजून आजीच्या अंगणातच आहे, ती त्याच्या दांड्यावर टॉवेल वाळत घालते.