आबांची कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही

येळ्ळूरच्या तालमीत आमचे आबा वीस वर्षं घुमले. मोडलेले कान अजून साक्ष देतात. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हळद, तेल, ताक घातलेली हौद्यातली तांबडी माती खोऱ्यानं उकरायची आणि तिच्यातच झोंबायचं. त्या मेहनतीला दूध, तूप, बदाम सगळं जिरायचं.

कुस्ती सुटली, ताटातलं काही कमी झालं नाही. गेल्या श्रावणात उपाशीपोटीची साखर १९२ निघाली. १२६ पासून मधुमेह धरतात.

मला चुटपुट लागली ती एकाच गोष्टीची. स्नायू राबतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन कमी पडलं तरी. तालीम थांबली की ही ओढ कमी होते, भूक मात्र पैलवानाचीच राहते. हे तालमीतल्या प्रत्येक पोराला वेळेत सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गोळ्या चालू आहेत. रात्री जेवून वीस मिनिटं चालणं, रविवारी राजहंसगडाचा चढ, तोही बूट घालूनच. मधुमेहात पायाला जखम झाली तरी कळत नाही, म्हणून आबा झोपताना दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे न्याहाळतात. बोटांच्या बेचक्यासुद्धा.

परवा चढावर दम खात म्हणाले, "लेका, हौदा उकरायला येऊ काय रे पोरांबरोबर?"

"डॉक्टरांना विचारतो, आबा. मग दोघं जाऊ."