तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात टीबीचं औषध झेपेल का?

"वडिलांचं वय पंचाहत्तर आहे, या वयात टीबीचं औषध त्यांना झेपेल का, आणि झेपलं तरी ते बरे होतील का?" कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत उपचार पर्यवेक्षक म्हणून काम करताना हा प्रश्न मला बहुधा मुलगा विचारतो, कधी सून विचारते, आणि विचारताना आवाज खाली आलेला असतो, कारण वडील आतल्या खोलीत ऐकत असतात. तरुण रुग्णाच्या घरी मात्र हा प्रश्न निघत नाही. तिथे "पोरगा तरणाबांड हाय, दोन म्हैन्यात उठून हुबा ऱ्हाईल" असे धरून चाललेले असते. वयाकडे पाहून दोन्ही घरांनी निकाल आधीच लावलेला असतो आणि दोन्ही घरांची त्यात घाई झालेली असते.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात उपचार यशस्वी होण्याचे जगभरातले प्रमाण सुमारे ८८ टक्के आहे. वाढत्या वयाबरोबर ते घसरते, हे खरे आहे आणि ते कुणापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण उरलेल्यांच्या खात्यात कोण कोण जमा होते, हे पाहिल्याशिवाय तो आकडा फारसे काही सांगत नाही. उपचारादरम्यान दगावलेला म्हातारा आणि बरे वाटू लागताच गोळ्या सोडून निघून गेलेला पंचविशीतला यंत्रमाग कामगार हे दोघेही हिशेबात 'यशस्वी नाही' याच रकान्यात बसतात. एकाचे शरीर पुरे पडले नाही, तर दुसरा आम्हाला सापडला नाही. या दोन गोष्टींवरचा इलाज एकच कसा असेल?

वृद्धांचे मृत्यू प्रामुख्याने उपचाराच्या सुरुवातीच्या काळात होतात, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे उशीर. म्हातारपणी हा आजार नेहमीच्या वाटेने येत नाही. खोकल्यातून रक्त पडणे, रात्री घाम फुटणे, ताप चढणे ही लक्षणे तरुणांच्या मानाने कमी दिसतात. भूक मंदावते, वजन उतरते, माणूस अंथरुण धरतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. खोकला असलाच तर तो विडीच्या किंवा दम्याच्या नावावर जमा होतो. थुंकी तपासायला यावी तोवर फुप्फुसाचा बराच भाग गेलेला असतो.

औषधांचे म्हणाल, तर मोठ्या माणसांना औषधे तीच असतात: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाईड आणि इथाम्ब्युटॉल ही चार, पुढचे चार महिने पायराझिनामाईड वगळून तीन. एकत्रित गोळ्या किती द्यायच्या, हे वजन पाहून ठरते, वय पाहून नव्हे. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन. वयाचा संबंध पुढे येतो. यकृताला सूज येण्याचा धोका वयाबरोबर वाढतो, मूत्रपिंड मंदावलेले असेल तर इथाम्ब्युटॉल जपून द्यावे लागते आणि नजरेवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी आधीच दुसऱ्या गोळ्यांचा डबा असतो. एका घरी आजोबांची साखर काही केल्या उतरेना, आणि सगळे घर त्यांच्यावर चोरून गोड खाण्याचा आरोप करत होते. ते बिचारे चहासुद्धा बिनसाखरेचा घेत होते. रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही असर कमी होतो. त्यात क्षयरोगाच्या संसर्गानेही साखर वाढते. डॉक्टरांनी मधुमेहाचे औषध बदलले, तेव्हा आजोबांवरचा आळ गेला. त्याच घरात लघवी लाल-नारिंगी होते म्हणून, रक्त जाते आहे अशा समजुतीने, सूनबाईंनी टीबीच्या गोळ्या मध्येच बंद ठेवल्या होत्या. तो रंगही रिफाम्पिसिनचाच.

म्हणून मुलांना माझे उत्तर असे असते: औषध बहुतेकांना झेपते, पण घरात कुणीतरी लक्ष ठेवणारे हवे. उलटी, कावीळ किंवा अंधुक दिसणे जाणवले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचे सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. "म्हातारं माणूस हाय, आता कशाला तरास द्यायचा" हे वाक्य मला ऐकवत नाही. सहा महिने नियमाने गोळ्या घेऊन पुन्हा पारावर जाऊन बसलेले कितीतरी आजोबा मी पाहिले आहेत. गोळ्या चुकवण्याच्या बाबतीत तर, मला आलेल्या अनुभवात, म्हातारी माणसे तरुणांपेक्षा पुष्कळ शिस्तीची.

माझी खरी काळजी तरुणाची असते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येते आणि गडी कामावर जातो. इचलकरंजीचा माग असो, शिरोलीची फौंड्री असो, खाडा झाला की पगार कापला जातो. ऊसतोडीला आलेली टोळी तर पट्टा पडताच, म्हणजे हंगाम संपताच, गावाकडे परतते. सलग एक महिना औषध तुटले की आपल्या सरकारी क्षयरोग कार्यक्रमात त्या रुग्णाची नोंद 'उपचार सोडलेला' अशी होते. निक्षय क्रमांकावरून (सरकारी नोंदणीत प्रत्येक रुग्णाला मिळणारा क्रमांक) दुसऱ्या जिल्ह्यातही औषध चालू ठेवता येते, पण त्यासाठी जाण्याआधी सांगावे लागते, आणि ते सांगितले जात नाही. दारूचे व्यसन असेल, तर यकृताच्या बाबतीत हा तिशीतला माणूस म्हाताऱ्याच्याच पंगतीत जाऊन बसतो. फौंड्रीतली सिलिकाची धूळ फुप्फुसात साठलेली असेल, तर काम आणखी अवघड. लग्नाच्या वयाच्या मुलींचे वेगळेच: आजार कळू नये म्हणून गोळ्या लपवल्या जातात, आणि लपवलेली गोळी चुकतेच.

लहान मुलांचे निकाल, उपचार वेळेवर सुरू झाले तर, चांगले असतात. त्यांच्या कार्डावर 'बरा झाला' ऐवजी 'उपचार पूर्ण' लिहिलेले पाहून आईवडील घाबरतात, पण त्यात भिण्यासारखे काही नाही. 'बरा' लिहायला आधी थुंकीत जंतू सापडून नंतर ते नाहीसे झालेले दिसावे लागतात. लहान मूल थुंकी काढत नाही, गिळते, आणि त्याच्या आजारात जंतूही थोडेच असतात. मुलांच्या बाबतीत घात होतो तो निदानच न झाल्याने, विशेषतः दोन वर्षांच्या आतल्या बाळांत, जिथे आजार मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो.

त्यामुळे वडिलांच्या वयाचे विचारलेत, की मी उलट विचारतो: घरात पाच वर्षांखालचे नातवंड आहे का, आणि ते आजोबांजवळ झोपते का? असेल, तर त्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. आजार नसला, तरी प्रतिबंधक औषध त्याला मोफत मिळते. आता ते घरातल्या मोठ्यांनाही तपासणीनंतर दिले जाते.