दुसऱ्यांचे फोन

गुरुवार, रात्र

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आहे आणि नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांच्या कारखान्यात माझ्या टेबलावरच्या फोनला क्षणाची उसंत नाही. त्यातला माझ्यासाठी आलेला फोन मात्र एखादाच. दिंडोरी-निफाडच्या बागाईतदारांना पेट्यांची गाडी कधी निघणार हे विचारायचे असते, वापीच्या कागद गिरणीला थकलेल्या बिलाची आठवण करून द्यायची असते, आणि ही सगळी मंडळी ०२५३ चा एकच क्रमांक फिरवून आधी माझ्यापाशी येतात.

फोनवर प्रत्येक एक्स्टेंशनचा, म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येक फोनचा, दिवा आहे. लाल दिवा म्हणजे माणूस बोलतो आहे. तोच लुकलुकू लागला की तिकडे घंटी वाजते आहे आणि कोणी उचलत नाही. तिथले बटण दाबले की फोन माझ्याकडे येतो. अशा वेळी मी "जागेवर नाहीत, निरोप सांगा" एवढेच म्हणते. कोण जेवायला गेले आणि कोण बँकेत, हे बाहेरच्याला सांगण्याचे मला काही कारण दिसत नाही.

ट्रान्सफर दाबून, एक्स्टेंशन लावून लगेच रिसीव्हर ठेवला की आपली सुटका होते, पण पलीकडे कोणी नसेल तर तो फोन फिरून माझ्याकडेच येतो आणि बिचाऱ्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून मी आधी आतल्या माणसाशी बोलते, कोणाचा आणि कशासाठी फोन आहे ते सांगते आणि मगच जोडून देते. यात एक गोम आहे. तोवर साहेबांच्या फोनवर माझाच क्रमांक दिसतो, त्यामुळे ते निर्धास्त उचलतात आणि गिरणीचे नाव ऐकताच "नाहीत म्हणून सांग" म्हणतात. मी "आत्ता बोलू शकत नाहीत" असे सांगते. ते खरेही असते.

होल्डची धून मला सर्वांत नकोशी वाटते. आज दुपारी निफाडचे एक काका होल्डवर होते आणि डिस्पॅचचा, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाचा, दिवा लालच होता. मध्येच "थांबा हं, बघते आहे" म्हणायला मी परत आले, तर ते मजुरांना सांगत होते, "कात्र्या ठेवा खाली, पेट्या आल्याशिवाय घड तोडायचा नाही." मग त्यांना ताटकळत न ठेवता मी गेटवर फोन लावला, गाडी सुटल्याची खात्री करून घेतली आणि तिचा नंबर त्यांना सांगितला.

डिस्पॅचची लाइन बिझी असली की फोन आपोआप गोदामाकडे वळावा, अशी सोय करून घ्यायला साहेबांनी संध्याकाळी होकार दिला. ईपीएबीएक्सवाला, म्हणजे आमचे आतले टेलिफोन एक्स्चेंज बघणारा, शनिवारी येतो म्हणाला आहे. त्याचा शनिवार कधी उगवतो ते पाहायचे.