लिटरभर कॉम्प्युटर

रविवारी दुपारी जेवण जरा जास्तच झालं होतं. गाणी लावून पलंगावर लवंडलो, आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर टेबलाखालच्या कॉम्प्युटरने घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढला आणि तो गप्प झाला. त्याच्या पंख्याची घरघर इतकी वर्षं कानात मुरली होती की ती थांबल्यावर घर एकदम परकं वाटायला लागलं. आई आतून म्हणाली, "लाइट गेले का रे?"

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा येऊन गेला. त्याने मोबाइलची बॅटरी मारून आत पाहिलं, दोनदा शिंकला आणि निकाल दिला. "काका, मदरबोर्ड गेलाय. आणि एवढं मोठं धूड आता कोण ठेवतं? मिनी घ्या. लिटरभराचा येतो."

लिटरभराचा? मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण खरंच, छोट्या कॉम्प्युटरच्या नादी लागलेली मंडळी त्याचा आकार लिटरमध्ये मोजतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले हजार. माझ्या टेबलाखालचा टॉवर चाळीसेक लिटरचा, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. १७ सेंटिमीटर लांब-रुंद मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, घेऊन हौशी लोक जे जुळवतात ते दहा लिटरच्या आसपास. ऑफिसांतून मॉनिटरच्या पाठीला अडकवलेले असतात ते लिटर, फार तर सव्वा लिटर. आणि २०२४ साली आलेला अ‍ॅपलचा मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच. कागदावर गुणाकार मांडला तर आठशे मिलीच्या थोडं वर. पाण्याच्या बाटलीतही दोन घोट जास्त मावतात.

लिटर म्हटलं की मला दूधच आठवतं. आरेच्या काचेच्या बाटल्या, अर्ध्या लिटरच्या, वरती चांदीसारखं झाकण. म्हणजे दोन बाटल्या म्हणजे एक कॉम्प्युटर! हे डोक्यात बसेना. मला गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरातून रव्याचा डबा आणला आणि टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिला. दोन दिवस बघू, म्हटलं, नजरेला कसा वाटतो ते.

"रवा टाइप करणार आहे का?" आईने विचारलं.

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो १९९९ साली. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, दोन खोल्यांत, पाच माणसं. लॅमिंग्टन रोड चालत जाण्यासारखा. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले आणि आम्ही तिथल्या एका दुकानात उभे राहून असेंबल करून घेतला. ६४ एमबी रॅम म्हणताना तो दुकानदार आवाज खाली आणायचा, सोनार तोळे सांगताना आणतो तसा. येताना टॅक्सी केली. एवढ्याशा अंतराला टॅक्सी ही आमच्या घरातली त्या वर्षीची सर्वात मोठी उधळपट्टी, कॉम्प्युटर सोडला तर.

त्याच्यासाठी जागा करायची म्हणजे युद्धप्रसंग होता. आमच्याकडे काहीच नुसतं जागेवर नसायचं. गाद्या पलंगाखाली, पलंगाखालच्या ट्रंका माळ्यावर, माळ्यावरची पितळी भांडी मावशीकडे दादरला. शिलाई मशीन हेच माझं अभ्यासाचं टेबल, आणि भावाची सायकल गॅलरीत छताला टांगलेली. एक वस्तू घरात आली की साखळीने चार वस्तू हलायच्या. कॉम्प्युटर आला तेव्हा आजीचा पाट गेला. आजी काही बोलली नाही, पण महिनाभर ती त्या मॉनिटरकडे सवतीकडे बघावं तशी बघायची.

आणि मग एके दिवशी पहिल्यांदा कॅबिनेट उघडायची वेळ आली. बाबांनी स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला, आणि आई चहाचा कप हातात घेऊन वाकली. आत तळाला एक हिरवी पाटी, वर वीज पुरवणारा एसएमपीएस, पुढे हार्ड डिस्क, चार रंगीत वायरी. बाकी सगळा मोकळा चौक.

"एवढी जागा रिकामी?" आई म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. ज्या घरात तिने वीस वर्षं बोटभर फट वाया जाऊ दिली नव्हती, त्या घरातली सगळ्यात मोठी मोकळी जागा कॉम्प्युटरच्या पोटात होती.

"हवा खेळायला लागते," बाबा म्हणाले.

"आपल्याला नाही लागत?"

ती जागा रिकामी होती म्हणून काय काय चालायचं, हे आता कळतं. मे महिन्यात तो गरम होऊन बंद पडायला लागला की पत्रा उघडा टाकून समोर टेबलफॅन लावायचा. पावसाळ्यात वाळत नसलेले मोजे मॉनिटरच्या पाठीवर. स्क्रीनवर काहीच येईना आणि नुसताच बीप बीप व्हायला लागला की बाबांचं ठरलेलं औषध: रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं, फुंकर मारायची, 'टक' आवाज येईपर्यंत परत दाबायची. दहातल्या सात वेळा चालू व्हायचा. चाळीत बाबांना त्यासाठी बोलावणी यायची. शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि खोडरबर, डॉक्टर विझिटला निघावेत तसे निघायचे. दातांवर जमलेला मळ जातो, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण बाबांच्या चेहऱ्यावर ते तेवढंच कधी नसायचं.

कॅबिनेट तेच राहिलं. १९९५ साली इंटेलने मदरबोर्डच्या भोकांची आणि मापांची जी पद्धत घालून दिली ती अजून चालते, त्यामुळे १९९९ च्या त्या डब्यात पुढे दोन नवे मदरबोर्ड बसले. पागडीच्या खोलीसारखं. मालक तोच, भिंती त्याच, भाडेकरू बदलत गेले. पांढऱ्याचा पिवळा झाला, गिरगावातून डोंबिवलीला आला, पण आला.

आता या रव्याच्या डब्याकडे बघताना माझ्या मनात तोच चाळीतला प्रश्न येतो: एवढं सगळं गेलं कुठे? कारण जागा अशी जात नाही. ती माळ्यावर जाते, नाहीतर दादरला मावशीकडे.

लिटरभराच्या कॉम्प्युटरचं पहिलं सामान टेबलाखाली सापडतं. एसएमपीएस आत मावत नाही, मग काळ्या विटेएवढा अ‍ॅडॉप्टर बाहेर येतो आणि पायात घोटाळतो. त्याचं माप लिटरात धरत नाहीत. आमच्याकडे याला मापात पाप म्हणतात. २००५ चा पहिला मॅक मिनीही असाच, दिसायला मिठाईचा खोका आणि मागे वीट. २०१० साली अ‍ॅपलने ती वीट पोटात घेतली. नवा आठशे मिलीवाला तर एवढ्याशा जागेतही ती आतच ठेवतो. हे मात्र मानलं पाहिजे. फक्त चालू करायचं बटण त्यांनी तळाला, मागच्या कोपऱ्यात ढकललंय. मशीन एका अंगाने उचला आणि खालून बोट घाला. दाराजवळच्या कुंडीखाली किल्ली ठेवतात, तसं.

दुसरं सामान आवाजात जातं. मोठ्या टॉवरमधला पंखा १२ सेंटिमीटरचा, छोट्या डब्यातला कधीकधी ४ चा. व्यास तिसऱ्या हिश्शाचा झाला की पात्यांचं क्षेत्र नवव्या हिश्शावर येतं, मग तेवढीच हवा काढायला बिचाऱ्याला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. छतावरचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेऱ्यांत खोलीभर हवा खेळवतो आणि आपण त्याच्या आवाजात झोपतो. चार सेंटिमीटरवाला हजारोंनी फिरतो आणि डासासारखा कानाशी गुणगुणतो. घरघर मला चालते. गुणगुण नाही. याला कारण विचारू नये.

बरं, उष्णतेला लहान-मोठं कळत नाही. पूर्वी किराणा दुकानात साठचा बल्ब असायचा, तो काढायला फडकं लागायचं. आता तेवढ्या वॅटची प्रोसेसरची चिप रव्याच्या डब्यात ठेवून झाकण लावा. म्हणून लिटरवाल्यांत बहुतेक वेळा ३५ वॅटची, जरा कमी धावणारी चिप घालतात, आणि तीही तापली की आपणहून चाल मंदावते. दुपारी बाराच्या उन्हात आपण मंदावतो, तसंच. मॅक मिनीच्या माहितीत लिहिलंय, चालवण्याचं तापमान १० ते ३५ अंश. हे मी अकोल्याच्या मामेभावाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "म्हणजे मार्च ते जून सुट्टी का बे त्याले?"

अगदी पंख्याशिवाय करून बघण्याचाही खटाटोप झालेला आहे. २००० साली अ‍ॅपलने काचेसारख्या पारदर्शक खोळीत तरंगता ठेवलेला आठ इंचांचा चौकोनी ठोकळा आणला होता, पॉवर मॅक जी४ क्यूब. गरम हवा आपोआप वर जाते, ती माथ्यावरच्या जाळीतून निघून जाईल, पंखा हवा कशाला, असा विचार. अ‍ॅडॉप्टर अर्थात बाहेर. किंमत १,७९९ डॉलर, आणि तेवढ्याच ताकदीचा, आत वाढवायला जागा असलेला त्यांचाच टॉवर त्याहून स्वस्त. वर्षभरात, २००१ च्या जुलैत, त्यांनी तो बंद केला. आता न्यूयॉर्कच्या मॉमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. मला तो फार आवडतो, फोटोत. पण गिरगावातल्या आमच्या घरी आला असता तर पहिल्या संध्याकाळी आजीने त्याच्या माथ्यावर क्रोशाचा रुमाल घातला असता आणि वर गणपती ठेवला असता. ज्या वस्तूला सपाट माथा आहे तिच्यावर काही ठेवायचं नाही, ही कल्पना आपल्याकडे रुजणारी नाही.

आणि तिसरं सामान म्हणजे खोडरबर.

२०१० च्या मॅक मिनीला तळाला गोल झाकण होतं. बरणीसारखं फिरवायचं की आत रॅम समोर. २०१४ साली तीच रॅम त्यांनी बोर्डाला डागून टाकली. मध्ये २०१८ ला पुन्हा सुटी केली, पुन्हा २०२० पासून ती चिपच्याच कुशीत गेली. आता घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. त्याला कारण आहे, नाही असं नाही. जवळ बसलं की निरोप पटकन पोचतो आणि वीजही कमी लागते. शिवाय जोडच नाही म्हटल्यावर मळ जमणार कुठे? म्हणजे बाबा जो आजार बरा करायचे तो आजारच त्यांनी काढून टाकला. ही प्रगतीच म्हणायची. मला राग येतो तो प्रगतीचा नाही, खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरला काम उरत नाही याचा आहे. लिटरवाल्या इतर डब्यांत रॅम अजून काढता येते असं दुकानातला मुलगा म्हणाला. "पण काका, तुम्ही काढणार कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर असा दोन दिवस रवा टेबलावर होता. मंगळवारी सकाळी डबा जागेवर नव्हता, आणि घरभर वेलदोड्याचा वास सुटला होता. वाटीभर शिरा समोर आला. "अंगारकी आहे," आई म्हणाली, "मोदक करायला अंगात जीव नव्हता." प्रयोग संपला. दिसायला बरा वाटत होता, एवढाच निष्कर्ष हाती लागला, आणि तोही नंतर खाल्ला.

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा तर आतलं सामान काढून ठेवावं म्हणून जमिनीवर बसलो. शेवटची हार्ड डिस्क, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएमपीएस. धुळीचे तर बोळे निघाले. सगळं काढल्यावर उरला नुसता पिवळा पत्र्याचा सांगाडा, मागे पंख्याची जाळी, पुढे खाली बारीक भोकं. आई गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकली. आता तिला पंचाहत्तरावं चालू आहे, वाकायला वेळ लागतो. तिने आत हात घालून बघितला, मग मागच्या जाळीसमोर तळवा धरला.

"हवा खेळते की रे," ती म्हणाली.

"त्यासाठीच असते ती जागा."

"मग भंगारात कशाला?"

आता ते कॅबिनेट स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवं आहे. खाली कांदे, हार्ड डिस्कच्या कप्प्यात लसूण, सीडी ड्राइव्हच्या जागी बटाटे मावत नाहीत म्हणून आलं. बाजूचा पत्रा स्क्रूशिवाय नुसता सरकवलेला. कांद्यांना कोंब येत नाहीत असं तिचं म्हणणं आहे.

नवा कॉम्प्युटर अजून ठरलेला नाही. हे सगळं मोबाइलवर लिहितोय, आणि अंगठा दुखतोय.