मोरीतली मगर

२०२४च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला. मुलाच्या सोसायटीत पाणी शिरलं, तेव्हा तो, सूनबाई आणि पाच वर्षांचा नातू आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी राहायला आले. पुराबरोबर मगरी येतात हे बडोदेकरांना नवं नाही. त्या आठवड्यात तर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर कुणाच्या अंगणातली, कुणाच्या पत्र्यावरची मगर. नातवाने सगळे व्हिडिओ पाहिले आणि तिसऱ्या दिवसापासून तो मोरीत पाऊल टाकेना.

"आजी, जाळीतून मगर येईल."

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवलं. वर्गात गुजरातीतून, 'मनोविज्ञान' म्हणून. तरीही पहिल्या दिवशी मी चुकलेच. त्याला पटवून द्यायला गेले. "भोक बघ केवढंसं, आणि मगर केवढी!" त्याने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "पिल्लू असताना आत येते. मग मोठी होते."

यावर बोलायला मला काही उरलं नाही. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम करत होता. बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांनीच त्याला धरून ठेवलं. लहान मुलाचा विचार म्हणजे मोठ्यांचाच विचार, फक्त कमी, असं नाही. त्याची घडणच निराळी असते, हे त्याला तिथे दिसू लागलं. मी हे किती वर्षं फळ्यावर लिहिलं होतं! पण माझ्यासमोर ते असं उभं राहिलं ते मोरीच्या उंबऱ्यावर.

मुलालाच विचारावं, हे या शास्त्राला मुळात उशिरा सुचलं. विल्हेल्म वुंटने लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली ती १८७९ साली. (आपली कमाटीबागही १८७९चीच. वर्गात हे साल मी असंच लक्षात ठेवायला लावायचे.) तिथे नि पुढे त्याचा शिष्य टिचनर याच्या रचनावादात भर होता संवेदनांवर आणि सरावलेल्या माणसाने केलेल्या आत्मनिरीक्षणावर. 'मला आत्ता नेमकं काय जाणवतंय' ते घासूनपुसून सांगायचं. पाच वर्षांचं पोर त्यात कुठून बसणार?

मुलाच्या भीतीवर सविस्तर लिहिलं ते फ्रॉइडने, १९०९ साली. व्हिएन्नातला छोटा हान्स घोड्यांना घाबरायचा. घोडा चावेल, घोडा पडेल. गाडी ओढणारा एक घोडा कोसळताना त्याने पाहिलाही होता. फ्रॉइडने मुलावर उपचार केले ते बहुतांशी त्याच्या वडिलांमार्फत. वडील टिपणं काढून पाठवत आणि फ्रॉइड अर्थ लावी. घोडा म्हणजे बाप, हा त्याचा निष्कर्ष. मला तो कधीच पटला नाही. डोळ्यांदेखत घोडा पडला हे कारण पुरेसं नाही का? पण एका लहान मुलाची भीती महिनोन् महिने कुणीतरी ऐकली, तिला काही अर्थ असेल असं धरून ऐकली, हे मी फ्रॉइडच्या नावावर जमा ठेवते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनला अर्थबिर्थ काही नको होता. जे दिसतं, मोजता येतं तेच शास्त्र, असं त्याने १९१३ साली ठणकावून सांगितलं, आणि १९२०मध्ये रोझाली रेनरबरोबर अल्बर्टचा प्रयोग छापला. जेमतेम अकरा महिन्यांचं तान्हं मूल. पांढऱ्या उंदराला हात लावायला जाई तेव्हा त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारायचा. असं काही वेळा केल्यावर मूल नुसत्या उंदराला पाहून रडू लागलं, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही. ती भीती न घालवताच त्याला जाऊ दिलं. हा प्रयोग शिकवताना दरवर्षी माझा गळा दाटून यायचा आणि मी ते कधी लपवलं नाही.

आमच्या पुस्तकात अल्बर्टला अर्धं पान होतं. मेरी कव्हर जोन्सचं नाव एका ओळीतही नव्हतं. याचा मला आजही राग येतो. जोन्सबाई रेनरच्या कॉलेजातल्या. वॉटसनचं व्याख्यान ऐकून त्यांच्या मनात आलं की भीती अशी लावता येते तर काढताही यायला हवी. त्यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाबरोबर काम केलं आणि १९२४ साली ते प्रसिद्ध केलं. पीटर सशाला घाबरायचा. आधी त्याला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळायला सोडायचं, ससा तिथेच असायचा. मधे पीटर आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याने दचकला आणि सगळं पुन्हा मागे गेलं. बाईंनी नव्याने सुरुवात केली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा, तो घाबरणार नाही इतकाच. शेवटी सशाने पीटरची बोटं कुरतडली आणि पीटर बसून राहिला. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पेने १९५८मध्ये मोठ्यांच्या भीतीवर जी पद्धत मांडली, तिची मुळं इथे आहेत.

मी खडू घेतला. मोरीपासून सात शहाबादी फरश्या मोजल्या आणि सातव्या फरशीवर नातवाला बडोद्याच्या लीला चिवड्याची वाटी देऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी सहावी. शेजारची दोन मुलं हातपाय धुवायला बोलावली. त्याने नुसतं बघायचं. चौथ्या फरशीवर अडला. मी खडूची रेघ पुन्हा पाचवीवर ओढली.

त्या रात्री अंथरुणात तो आपणहून बोलला. "बाबा पाण्यातून चालत आले ना? त्यांचा पाय मगरीने धरला असता तर?"

हान्सच्या गोष्टीत बाप होता, इथेही निघाला. फक्त भीती बापाची नव्हती, बापासाठी होती. माझ्या जाळीच्या मोजमापांत आणि फरश्यांत हे कुठेच आलं नसतं. मी मुलाला उठवलं. पाणी कुठवर होतं, दोर कुणी धरला होता, पुढे कोण मागे कोण, सगळं त्याने लेकाला सांगितलं. तीनदा सांगायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून बापलेक फरशीवर शेजारी बसून चिवडा खाऊ लागले.

अकराव्या दिवशी नातू मोरीत उतरला. तांब्याभर पाणी जाळीवर ओतलं, वाकून कान लावला.

"गेलं खाली," म्हणाला, आणि अजून एक तांब्या मागितला.